वहीतला तिसरा रकाना

जीभ शाबूत असताना रत्नपाल गजभिये शेवटचं जे वाक्य बोलला, ते कोंबड्यांबद्दल होतं. नागपूरच्या कॅन्सरच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीकडे चाकाच्या खाटेवरून नेत असताना त्यानं मान वळवली आणि पोरीला विचारलं, "अल्के, कोंबड्या झाकाले शामकलेले सांगतलं ना तुनं?" अल्का म्हणाली, "हव." दार बंद झालं. सहा तासांनी त्याला बाहेर आणलं तेव्हा तोंडात जिभेचा घशाकडचा बुडखा तेवढा उरला होता. असं होणार हे माहीत असतं तर माणूस काही बरं बोलून गेला असता, असं आपल्याला वाटतं. पण त्याला माहीत होतं. डॉक्टरनं आदल्या दिवशी कागदावर चित्र काढून, पेन्सिलीनं रेघ मारून, कुठून कापणार तेही दाखवलं होतं. तरी त्याला काळजी कोंबड्यांचीच होती.

गोरेगावपासून आठेक किलोमीटरवर, धानाच्या बांध्यांच्या मधोमध पिपरटोला आहे. तिथल्या बौद्धवाड्यातल्या तिसऱ्या घरात हा माणूस अठ्ठावन्न वर्षं राहिला. बायको कलाबाई तापानं गेली तेव्हा अल्का दहावीत होती. तेव्हापासून घरात बाप आणि लेक दोघंच. रत्नपाल राईस मिलमध्ये हमाली करी. पाठीवर पोतं आणि गालात खर्रा, हे त्याचं रूप गावानं तीस वर्षं पाहिलं. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत बांधून घोटलेला ऐवज. आपल्या भागात पाहुण्याला चहा नंतर, खर्रा आधी. घोटायला जोर लागतो आणि वेळ लागतो, म्हणून ते काम घरातल्या पोरांकडे येतं. अल्का आठ वर्षांची असल्यापासून उंबऱ्याच्या लाकडावर बापाची पन्नी घासून देत आली. चांगला मऊ घोटायची. बाप कौतुकानं म्हणायचा, "माह्या पोरीच्या हाताचा खर्रा ठेल्यावर नाही भेटत." हे कौतुक पुढं तिच्या उरावर बसलं.

आणि हाच माणूस रोज संध्याकाळी विहारात वंदना म्हणवून घ्यायचा. व्यसनापासून दूर राहीन, हे पाचवं शील सगळ्या वाड्याकडून वदवून घेणारा रत्नपाल तेवढ्यापुरता खर्रा थुंकून यायचा, हे साऱ्यांना दिसत होतं. कोणी ब्र काढत नव्हतं. कारण आवाज तसा होता. पोतं वाहून वाहून छाती भरलेली, आणि त्या छातीतून पाली शब्द असे निघत की म्हातारी माणसं डोळे मिटून घेत. लग्न असो, मयत असो, पिपरटोल्यात आणि आसपासच्या चार टोल्यांत बोलावणं त्यालाच यायचं. विहार समितीनं त्याला वंदनेचं पुस्तक भेट दिलं होतं, लाल कापडात बांधलेलं. ते तो मांडीवर उघडून ठेवी आणि नेमक्या जागी पान उलटी.

त्याला वाचता येत नव्हतं. ही गोष्ट तीस वर्षं कोणालाच माहीत नव्हती, पोटच्या पोरीलाही नाही. लहानपणी दोन वर्षं तो शाळेत गेला आणि तिसऱ्या वर्षी गुरांमागं लागला. वंदना त्यानं कानानं उचलली. विहारातला जुना म्हातारा म्हणायचा, हा दाराशी बसून ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी मिलमध्ये पोत्यागणिक एक ओळ, पावलागणिक एक शब्द, असं घोकायचा. थप्पीपर्यंत बारा पावलं, आणि परत येताना पाठ कोरी, तेव्हा तीच ओळ पुन्हा. अर्थ कळला नाही तरी चालेल, शब्द पडता कामा नये. पुढं पुस्तक हाती आलं, आणि नाही म्हणायची हिंमत झाली नाही. ज्या वाड्यात प्रत्येक घरी पदवीचा फोटो भिंतीला टांगलेला असतो, जिथं 'शिका' हा देवाच्या जागी ठेवलेला शब्द आहे, तिथं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं सांगावं? झाकली मूठ सव्वा लाखाची. सहीपुरतं नाव मात्र तो शिकला होता, चित्र काढायला शिकावं तसं.

मुठीला पहिली फट पडली ती दवाखान्यात. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नर्सनं हातात पाटी दिली. "काका, दुखतंय का? लिहा." त्यानं पेन्सिल धरली, सावकाश लिहिलं: रत्नपाल गजभिये. नर्स हसली. "नाव माहीत आहे हो मला. पाणी हवंय का?" त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं: रत्नपाल गजभिये. "काका मस्करी करतात," असं म्हणत ती पुढच्या खाटेकडे गेली. अल्का पायथ्याशी उभी होती. बापानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. तेव्हा तिला कळलं. तीस वर्षांतली पानं कशी उलटली जात होती, तेही कळलं. तिनं पाटी उचलून खाटेखाली सरकवली आणि पुन्हा कधी वर काढली नाही.

घरी आल्यावर दार लोटून लोटून माणसं येऊ लागली. खुशाल गुरुजी रोज यायचे. हे निवृत्त शिक्षक, विहार समितीचे अध्यक्ष, मनानं चांगले, पण शाळा त्यांच्या अंगातून गेली नव्हती. त्यांनीही एक पाटी आणली, नवी. "लिहीत जा रत्नपाल. जीभ गेली तं गेली, हात हायेत ना!" रत्नपाल मान फिरवून पडून राहिला. गुरुजींना वाटलं, माणूस खचला. बायकांना वाटलं, माणूस माजला, आता आपल्याशी दोन अक्षरंसुद्धा नको झाली त्याला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा असतो.

अल्का गोरेगावला सेतू केंद्रात बसायची, लोकांचे दाखले काढून द्यायची. डोकं तल्लख, त्यातही शब्दांचं वेड. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद पडलं तेव्हा तिनं इंग्रजी शिकायला मोबाईलवर एक ॲप घेतलं होतं. त्यात खाली एका कोपऱ्यात क्लिंगॉन नावाची भाषा सापडली. ती कुठल्याच देशाची नाही. परग्रहावरच्या लढवय्यांसाठी, पडद्यावर बोलायला, एका भाषेच्या अभ्यासकानं बसून तयार केलेली. माणसांच्या भाषांत सहसा एकत्र न येणारे आवाज त्यानं मुद्दाम एकत्र आणले. निम्मे तर घशातूनच खरवडून काढायचे. घरात बसून अल्का ते घोकू लागली तेव्हा बापानं अंगणातून विचारलं होतं, "काऊन वं, कोंबडीच्या नरड्यात काटा अडकला का?" ती म्हणाली, भाषा शिकून राहिली. "कोण बोलते हे?" "कोणीच नाही." यावर रत्नपालनं खर्रा गालातून गालात फिरवला आणि म्हणाला, "मंग बरं हाय. भांडण तं होणार नाही."

आता तीच पोरगी रोज संध्याकाळी बापासमोर बसू लागली आणि कोणता आवाज निघतो, कोणता नाही, ते ऐकू लागली. जिभेच्या शेंड्याचे सगळे गेले होते. त, द, न, ल, र, स, च, सगळे. ओठांचे होते: प, ब, म, व. घशाचे होते: क, ख, ग, घ, ह. एवढ्या तुटपुंज्या सामानात संसार उभा करायचा होता. तिनं दोनशे पानी वही आणली आणि तीन रकाने आखले. शब्द. अर्थ. कुठून आला. तिसऱ्या रकान्याची खरं तर गरज नव्हती, तो तिच्या स्वभावाचा भाग होता.

काही शब्द घरातच मिळाले. होकाराला 'हव' होता, तो आपल्या झाडीबोलीचा. 'भूक' निघत होती, 'पंखा' निघत होता. अडलं ते पाण्यापाशी. 'पाणी' म्हटलं की नुसतं 'पाई' निघे, आणि ऐकणाऱ्याला तो पाय वाटे. हिंदीत पानी, सेतूतल्या भूमेश्वरीच्या पोवारीत पानी, इंग्रजीत वॉटर. सालेकशाकडचा मंगरू गावात गाडी चालवायचा, त्याला गोंडीत विचारलं तर तो म्हणाला, "येर." त्यात र. पालीत पाहिलं तर उदक, त्यात द. साऱ्या भाषा पाण्यापाशी येऊन जिभेच्या शेंड्यावर उभ्या राहत होत्या, आणि तो शेंडा नागपुरात राहिला होता. तेव्हा अल्काला ती कोणीच न बोलणारी भाषा आठवली. तिच्यात पाण्याला बिक्ख म्हणतात. ओठ मिटून उघडायचे आणि घसा खाकरायचा, संपलं.

"बाबा, म्हणा. बिक्ख."

रत्नपालनं तिच्याकडे बघितलं, वेड लागलं का अशा नजरेनं. मग म्हणाला, "बिक्ख." लख्ख निघाला. तिनं पेला भरून हातात दिला, आणि पेला रिकामा होईपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. अल्काला रडू आवरेना, म्हणून ती चुलीकडे गेली.

मग एकेक शब्द येऊ लागले. 'नको'ला घोबे. दुखतं त्याला ओय, हा तर आपल्याच घरचा वाटावा. मदतीला क्खाह, आठवण्याला काव. शून्याला पाघ, म्हणजे काहीच नाही. बापाला वाव. लेकीला पुकबे, त्यात पुक म्हणजे लेकरू आणि बे म्हणजे बाईमाणूस, असं जोडून. 'अल्का' हे नाव त्याच्या तोंडून आता निघणार नव्हतं. बाई म्हणता आलं असतं, पण बाई गावात सगळ्याच होत्या. त्यानं पुकबे उचललं. अंगणातून हाक आली की शेजारच्या शामकलेची पोरं वेडावायची, "पुकबे! पुकबे!" अल्का पदरात हसायची आणि धावत जायची.

वाचायचं नव्हतंच, त्यामुळं त्याला हे जड गेलं नाही. दाराच्या खांबापासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत बारा पावलं. पावलागणिक शब्द, जाताना आणि येताना. तीन आठवड्यांत नव्वद शब्द झाले. लोकांनी आपापले अंदाज बांधले. कोणी म्हणालं, मेंदूवर परिणाम झाला. शामकला शेजारधर्मानं म्हणाली, "बाहेरचं हाय बाप्पा काहीतरी, एकदा दाखवून पाहा." गुरुजी मात्र वैतागले. "अवं, पाटी देली, खडू देला, अन् तू त्याले हे भुताची भाषा कायले शिकवून राहिली?" अल्का म्हणाली, "लिहिताना मान दुखते त्यायची." गुरुजींनी मान हलवली. खोटं बोलायला तिला वाचता येणाऱ्या बापाची आठवण करावी लागली, आणि दवाखान्यातल्या पाटीपर्यंत तिनं तसाच बाप पाहिला होता.

शब्द कुठून आला ते ती त्याला सांगत असे. तिकडं नमस्काराला शब्दच नाही, भेटल्यावर थेट विचारतात, काय पाहिजे? यावर रत्नपाल घशातून हसला. आपल्याकडं तरी काय वेगळं होतं! 'जोडी' या अर्थाचा जो शब्द आहे तो म्हणे जुन्या काळच्या अंगानं चिकटलेल्या दोन जुळ्या भावांच्या नावांवरून केलेला. हे त्याला फार आवडलं. त्यानं आपल्याकडं आणि तिच्याकडं बोट दाखवून दोन बोटं चिकटवून धरली. आणि एकदा तिनं सांगितलं की नवा शब्द तयार करायचा हक्क ती भाषा बनवणाऱ्या त्या एका माणसालाच आहे. बाकीच्यांनी वर्षाला यादी पाठवायची, हे हवं, ते हवं. तो देईल ते शब्द. न देईल ते नाहीत. रत्नपालचा चेहरा उतरला. शब्द एकाच्या ताब्यात आणि बाकीच्यांनी दाराशी उभं राहायचं, हा प्रकार त्याच्या आज्यानं, पणज्यानं पुरेपूर पाहिला होता. तो म्हणाला, "घोबे."

पण घरातली वही कोणाच्या ताब्यात होती? हे अल्काला उमगायला वेळ लागला, आणि उमगल्यावरही तिनं वही सोडली नाही. दोन शब्द तिनं मुद्दाम घातले नव्हते. एक खर्रा. तो मागता येऊ नये म्हणून. गालाला टाके असतानाही त्याची बोटं पन्नी शोधायची, ते तिनं पाहिलं होतं. आणि दुसरा मरण. त्या भाषेत मरणाला हेघ म्हणतात. तोंड नुसतं उघडलं तरी बाहेर पडावा इतका सोपा. नव्वद शब्दांत सगळ्यात सोपा तोच झाला असता. तिनं तो पान उलटून पुढं टाकला, मग आणखी पुढं टाकला. जे मागता येत नाही ते बाप मागणार नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. सव्वीस वर्षांच्या पोरीला दुसरं कोणी नव्हतं. तिला दोष देणाऱ्यानं आधी ते ध्यानात घ्यावं.

सात महिन्यांनी मानेला गाठ आली. नागपूरला नेलं. डॉक्टरनं पुन्हा चित्र काढलं, या वेळी रेघ बरीच खाली मारली. घशातला उरलेला भाग काढावा लागेल, मग रेडिएशन, म्हणजे विजेचा शेक. "खात्री देत नाही, प्रयत्न करून पाहू." तिनं दबकत विचारलं, "आवाज?" डॉक्टरनं पेन्सिल खाली ठेवली. "नाही राहणार." म्हणजे बिक्खही नाही, पुकबेही नाही. ती म्हणाली, "करू." मंगळवारची तारीख मिळाली. रत्नपाल खुर्चीत बसून सगळं ऐकत होता, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर, शनिवारी सकाळी, ती त्याला पेज भरवत असताना त्यानं चमचा हातानं बाजूला केला. छातीवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "वाव पाघ."

बाप शून्य. बाप संपला. अल्काला शब्द पडताक्षणी कळलं. पण तिनं चेहरा कोरा ठेवला. "काय म्हणून राहिले बाबा?"

"वाव पाघ." पुन्हा, सावकाश, वंदना म्हणवून घ्यायचा तसा, एकेक शब्द मोकळा ठेवून.

तिनं वही उघडली. पानं उलटली, अगदी बोट फिरवून फिरवून. तिला त्या घडीला स्वतःची लाज वाटली आणि तरी ती बोट फिरवत राहिली. "असा शब्द वहीत नाही, बाबा. वाव हाय, पाघ हाय. दोन मिळून नाही."

रविवारी त्यानं तेच म्हटलं. ती म्हणाली, समजत नाही. सोमवारी त्यानं तिचं मनगट धरलं, दारापलीकडच्या रस्त्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "घोबे. घोबे. वाव पाघ, पुकबे." आता याहून स्वच्छ कोणत्या भाषेत बोलायचं? ती मनगट सोडवून घेऊन पिशवी भरायला लागली. टॉवेल, रिपोर्ट, आधार कार्ड, दोन लुगडी पांघरायला. बाप मागं बसून तिच्या पाठीकडं बघत होता. त्याला ठाऊक होतं की तिला कळलंय. ज्या पोरीनं परग्रहावरून पाणी आणलं, तिला एवढं कळत नाही, हे कोणाला सांगावं?

मंगळवारी सकाळी मंगरूची गाडी दाराशी लागली. वाडा जमला, जसा जमतोच. गुरुजी आले, शामकला आली, दहा-पंधरा बायामाणसं. रत्नपाल ओसरीच्या खांबाला धरून बसला. दोघांनी उठवायला हात घातला तर हात झिडकारला. "वाव पाघ!" त्याचा आवाज वाड्याच्या टोकापर्यंत गेला. माणसं दचकली.

"काय म्हणते तो?" गुरुजींनी विचारलं.

सगळ्यांनी अल्काकडं पाहिलं. तिनं पिशवीचा बंद हाताभोवती गुंडाळला. "मले नाही समजून राहिलं गुरुजी. त्रास होते ना, म्हणून काहीबाही बोलतेत. चला बाबा."

रत्नपालनं पोरीकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर तिला पुढची कैक वर्षं सोपी गेली असती. मग त्यानं गुरुजींकडं हात पसरला, आणि दुसऱ्या हातानं तळव्यावर लिहिल्याची खूण केली.

"पाटी मागते! आना रे पाटी!" गुरुजींना केवढा आनंद झाला. सात महिने कोनाड्यात पडलेली ती नवी पाटी शामकलेनं पदरानं पुसून दिली.

"बाबा, नको," अल्का म्हणाली. आता तिला खरोखर भीती वाटली. ती पुढं झाली, पण त्यानं पाटी छातीशी ओढली.

त्यानं लिहिलं. वेळ लागला. गुरुजींनी वाकून मोठ्यानं वाचलं, "रत्नपाल गजभिये." आणि म्हणाले, "हे तं नाव झालं. तुह्यं म्हणणं लिही."

रत्नपालनं पंजा पाटीवर ठेवला आणि नाव पुसून टाकलं. कोरी पाटी सगळ्यांना दाखवली, नावाच्या जागी पाघ. मग पुन्हा लिहिलं, तेच नाव, तीच वळणं, तीच गजभियेतल्या 'भि'ची चुकीच्या बाजूनं काढलेली वेलांटी. पुन्हा पंजानं पुसलं आणि पाटी दाखवली. तिसऱ्यांदा लिहायला लागला तेव्हा गुरुजींचा चेहरा बदलला. चाळीस वर्षं पोरांना अक्षरं गिरवायला लावणारा माणूस तो. हात लिहितोय की चित्र काढतोय हे त्याला नाही कळायचं तर कोणाला?

"बस," गुरुजी हळूच म्हणाले. "बस कर, रत्नपाल."

पण शामकलेनं ते ऐकलं नाही. ती साधी बाई, मनात आलं ते बोलली. "अवं माय, नावच लिहिता येते का याले? मंग विहारात पुस्तक तं रोज वाचे ना?"

गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं. एका म्हाताऱ्यानं खाली पाहिलं, मागच्या दोन पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. रत्नपालनं पाटी जमिनीवर उपडी ठेवली. तीस वर्षांची मूठ त्यानं स्वतःच्या हातानं, चारचौघांत, दिवसाढवळ्या उघडली होती. त्याच्याकडं देऊन टाकायला तेवढंच उरलं होतं, आणि पोरगी ऐकत नव्हती म्हणून ते त्याला द्यावं लागलं.

अल्कानं हाताभोवतीचा बंद सोडवून पिशवी खाली ठेवली. "गाडी परत ने मंगरूदादा," ती म्हणाली. "बाबा म्हणतेत, मी नाही येऊन राहिलो. चौथा दिवस हाय, तेच म्हणून राहिले."

त्यानंतर तो एकवीस दिवस जगला. दुखणं भयंकर होतं, त्याबद्दल लिहून कोणाचं भलं होणार नाही. गोरेगावच्या डॉक्टरच्या गोळ्या सुरुवातीला पुरायच्या, मग पुरेनात. संध्याकाळी विहारात आता दुसराच एक तरुण पोरगा पुस्तकात बघून वंदना म्हणवून घ्यायचा, अडखळत. आवाज घरापर्यंत यायचा. कुठं शब्द पडला की रत्नपालचे ओठ हलायचे. एकदा गुरुजी ते लाल कापडातलं पुस्तक घेऊन आले आणि त्याच्या उशाशी ठेवत म्हणाले, "वाचणारे लय भेटतेत, रत्नपाल. तुह्यासारखं म्हणणारा नाही भेटत." मनापासून म्हणाले. रत्नपालनं तोंड भिंतीकडं केलं. गुरुजी पुस्तक घेऊन निघून गेले.

अल्कानं एका दुपारी वही काढली आणि म्हणाली, "बाबा, एक शब्द ठेवला होता मागं. घ्या. हेघ." तिनं अर्थ सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, पण तो शब्द त्यानं एकदाही वापरला नाही. त्याचा स्वतःचा शब्द होता, त्याला उसन्याची गरज नव्हती. खर्राही तिनं एकदा विचारला. त्याची बोटं जरा हलली. "घोबे," तो म्हणाला.

शेवटच्या दिवशी त्यानं पाणी मागितलं आणि तिला हाक मारली. बिक्ख, पुकबे. ती पाणी घेऊन आली तेव्हा पिणं जमलं नाही, तिनं ओठ ओले केले.

तेरवी वाड्यात करत नाहीत. सातव्या दिवशी वंदना झाली, खीर-पुरी झाली, माणसं गेली. संध्याकाळी अल्का ओसरीवर बसली, ज्या उंबऱ्यावर ती पन्नी घोटायची त्याच्या शेजारी, आणि तिनं वही उघडली. शेवटच्या पानावर तीन रकाने मोकळे होते. पहिल्यात तिनं लिहिलं: वाव पाघ. दुसऱ्यात लिहिलं: मला आता कुठंच नेऊ नका. तिसऱ्या रकान्यात, कुठून आला याखाली, नव्वद शब्दांसमोर झाडी, हिंदी, पोवारी, आणि बहुतेक ठिकाणी ती परग्रहाची भाषा असं काहीबाही लिहिलेलं होतं. तिथं तिनं लिहिलं: बाबांचा. आणि जागा उरली होती म्हणून त्याच्याखाली, लहान अक्षरात: मला पहिल्याच दिवशी समजला होता.